लहान वाचनालयासाठी विणकामाचं एक पुस्तक: निवड कशी करावी?

आजचा प्रश्न अगदी लहान आहे. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातलं एखादं गावचं वाचनालय घ्या. शासनमान्य, 'क' किंवा 'ड' वर्गातलं. वर्षाला पुस्तकांसाठी मोजके पैसे. त्यातून दोन सुयांवरचं विणकाम शिकवणारं एकच पुस्तक घ्यायचं आहे. कोणतं घ्यावं आणि कशावरून ठरवावं?

समीक्षा म्हटली की आपल्याला कादंबरी आठवते, कविता आठवते, फार तर आत्मचरित्र. स्वेटर कसा विणावा हे सांगणाऱ्या पुस्तकाची कसली समीक्षा, असं कुणाला वाटेल. पण असं बघा. कादंबरी फसली तर वाचक म्हणतो, "पुस्तक काही खास नव्हतं." विणकामाचं पुस्तक फसलं तर वाचक म्हणते, "मला जमत नाही." दोष पुस्तकाचा असतो आणि ती तो स्वतःकडे घेते. पंधरा दिवसांनी पुस्तक परत येतं, अर्धवट विणलेली पट्टी पिशवीत जाते, आणि ती बाई पुन्हा त्या कपाटाकडे फिरकत नाही. वाचनालयाच्या नोंदवहीत मात्र पुस्तक "दिले–घेतले" असंच दिसतं. म्हणून या पुस्तकांकडे नीट बघायला हवं.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. मराठीत मागावर कापड विणतात तेही विणकाम आणि सुयांवर स्वेटर विणतात तेही विणकाम. आपल्या भागात दोन्ही आहे. माण, खटाव, आटपाडी, जत हा मेंढरांचा पट्टा. जतजवळच्या माडग्याळच्या नावाने तर मेंढीची एक जातच ओळखली जाते. इथे घोंगडी विणली जाते, मागावर. विट्याला यंत्रमाग आहेत. त्यामुळे यादीत नुसतं 'विणकाम' बघून पुस्तक मागवलं आणि हातात मागाचं तंत्र सांगणारं पुस्तक आलं, असं होऊ शकतं. ड्यूई वर्गीकरणात दोघांची घरं वेगळी आहेत: मागावरचं विणकाम ७४६.१ मध्ये, सुया आणि क्रोशा ७४६.४३ मध्ये. मागणीपत्रावर "दोन सुयांवरचे" किंवा "क्रोशाचे" हा शब्द लिहिला की काम भागतं. क्रोशा आणि दोन सुया एकाच पुस्तकात कोंबलेल्या असतील तर सावध राहा. दीडशे पानांत दोन्ही शिकवायचं म्हटलं की दोन्हींची सुरुवात होते आणि पुढे नुसते नमुने उरतात.

आता मुख्य मुद्दा. बाजारात मिळणारी विणकामाची बहुतेक पुस्तकं म्हणजे नमुन्यांचे संग्रह असतात. शंभर नमुने, दीडशे नमुने, बाळाचे पंचवीस सेट. मुखपृष्ठावर गोंडस मूल. सुरुवातीची चार-सहा पानं "प्राथमिक माहिती" आणि मग कृतीमागून कृती. या पुस्तकांना वाईट म्हणण्याचं कारण नाही. जिला विणता येतं, तिला ती सोन्यासारखी वाटतात. पण त्यांत एक शब्द वारंवार येतो. तो शब्द "नेहमीप्रमाणे". नेहमीप्रमाणे टाके घालावेत. बाही नेहमीप्रमाणे विणावी. गळा नेहमीप्रमाणे घटवावा. आता सांगा, जी पहिल्यांदाच सुया हातात घेते आहे, तिचं "नेहमी" कुठलं?

हा शब्द उगाच आलेला नाही. विणकाम आपल्याकडे शेजारी बसून शिकलं गेलं. आई, आजी, मावशी, नाहीतर शाळेतल्या शिवणाच्या बाई. टाका सुटला की सुया शेजारणीच्या हातात द्यायच्या, ती दोन ओळी उसवून परत देणार. पुस्तकाचं काम तेव्हा फक्त नवा नमुना पुरवायचं होतं, शिकवणारं माणूस घरात होतंच. आज वाचनालयात येऊन हे पुस्तक मागणारीच्या घरात ते माणूस बहुतेक नसतं. असतं तर ती पुस्तक मागायला आलीच नसती. म्हणून माझं म्हणणं असं आहे की लहान वाचनालयाने पुस्तक निवडताना नमुने किती आहेत हे शेवटी बघावं. आधी हे बघावं की वाचक घरी एकटी असताना चुकली, तर पुस्तक तिला बाहेर काढतं का. टाका सुटला तर काय करायचं? ओळीत एक टाका जास्त झाला तर तो कुठून आला? अर्ध्यात काम ठेवलं, चार दिवसांनी उचललं, तर आपण सुलट ओळीवर आहोत की उलट, हे कसं ओळखायचं? या तीन प्रश्नांना चित्रासकट उत्तर देणारं पान पुस्तकात असेल तर ते पुस्तक शिकवणारं आहे. नसेल तर तो नमुन्यांचा संग्रह आहे, भले नाव 'संपूर्ण विणकाम' असो.

कृती लिहायची कशी, याचा धडा खरं तर आपल्या सांगलीतच आहे. कमलाबाई ओगले. जन्म कुंडलचा, सासर सांगलीचं. त्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरात गेलं. स्वयंपाकाची पुस्तकं त्याआधीही होती. मग हेच का टिकलं? माझ्या मते एक मोठं कारण माप. कमलाबाईंनी वाटी आणि चमच्याचं माप धरलं. नव्या सुनेकडे, किंवा परगावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलाकडे तराजू नसतो, वाटी असते. "अंदाजाने घ्या" हे वाक्य जिथे यायचं, तिथे मोजता येईल अशी वस्तू आली. विणकामाच्या पुस्तकाने हेच करायला हवं. याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९३० पासून 'स्त्री' मासिक निघत होतं. म्हणजे घरातल्या बाईला गृहीत न धरता तिच्याशी छापील पानातून बोलण्याची परंपरा आपल्या मातीत जुनी आहे.

मग विणकामातली वाटी कोणती? एका इंचात किती टाके बसतात, हे प्रमाण. कृतीत लिहिलेलं असतं, "१४४ टाके घाला." ते कशावरून? समजा लेखिकेच्या हाताला इंचाला ६ टाके येतात आणि छातीचा घेर २४ इंच हवा आहे. सहा चोक चोवीस, २४ गुणिले ६, झाले १४४. आता वाचकाचा हात सैल आहे, तिचे इंचाला ५ टाके बसतात. तिने तेच १४४ टाके घातले तर घेर होतो जवळजवळ २९ इंच. पाच-सहा वर्षांच्या धाकट्यासाठी घेतलेला स्वेटर थोरल्या भावाला बसतो. एका इंचात फक्त एका टाक्याचा फरक, आणि महिन्याभराची मेहनत वाया. जे पुस्तक प्रत्येक कृतीच्या वर हे प्रमाण देतं आणि आधी चार इंचांचा चौकोन विणून मोजायला सांगतं, ते वाचकाचा महिना वाचवतं. ग्रंथालयशास्त्रातल्या मंडळींना रंगनाथन यांची १९३१ मधली पाच सूत्रं माहीत आहेत. त्यांतलं चौथं वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. ग्रंथपालाने पुस्तक लवकर शोधून द्यावं, एवढाच त्याचा अर्थ मी घेत नाही. चुकीचं पुस्तक कपाटात न ठेवणं हाही वेळ वाचवण्याचाच भाग आहे.

दुसरं माप सुईचं. इथे मोठा खड्डा आहे. आपल्या दुकानांत सुया नंबरावर मागतात, ९ नंबर, १० नंबर, आणि हे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात. त्यात आकडा वाढला की सुई बारीक होते. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. अमेरिकन पद्धत बरोबर उलटी, आकडा वाढला की सुई जाड. तिथली १० नंबर म्हणजे ६ मिलिमीटर, जवळजवळ दुप्पट. अमेरिकन कृतीवरून मराठीत उतरवलेल्या पुस्तकात आकडा तसाच राहिला तर बाळाच्या टोपड्याची काय गत होईल, विचार करा. क्रोशातही तीच गोष्ट. इंग्लंडात ज्याला डबल क्रोशे म्हणतात त्याला अमेरिकेत सिंगल म्हणतात. आपले साखळी आणि खांब हे शब्द त्यामानाने बरे, पण अर्धा खांब, मुका खांब कशाला म्हटलंय, हे पुस्तकाने चित्र काढून सांगितलं पाहिजे. मिलिमीटरमध्ये जाडी दिलेली असली, की पुस्तक कुठूनही आलेलं असो, वाचक फसत नाही.

तिसरं, लोकर. आपण दुकानात "लोकर द्या" म्हणतो आणि दुकानदार बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा गुंडा देतो. त्यात वाईट काही नाही. स्वस्त असतं, धुवायला सोपं, बाळाला टोचत नाही. पण परदेशी पुस्तकं खऱ्या लोकरीचा विचार करून लिहिलेली असतात. विणून झाल्यावर तुकडा ओला करा, टाचण्यांनी ताणून वाळवा, वाफ द्या, वगैरे. खऱ्या लोकरीला ते मानवतं. अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवली तर त्याचा फुगीरपणा जातो, वीण लुळी पडते, आणि ते पुन्हा सुधारत नाही. आपल्याकडच्या वाचकासाठीच्या पुस्तकात ही सूचना असायलाच हवी.

आता दोन नावाजलेल्या इंग्रजी पुस्तकांकडे बघू, कारण मोठ्या शहरातल्या सल्ल्यात ही नावं येतात. पहिलं मेरी थॉमस यांचं 'मेरी थॉमसेस निटिंग बुक', १९३८ सालचं. फार अभ्यासपूर्ण पुस्तक. टाका कसा तयार होतो, धागा डाव्या हातात धरणारे आणि उजव्या हातात धरणारे यांच्यात काय फरक पडतो, हे त्यात मुळापासून आहे. चित्रं रेघांची आहेत, आणि फोटोपेक्षा अशी चित्रं जास्त उपयोगी. काळ्या लोकरीचा फोटो छापला की धागा कुठून कुठे गेला ते दिसतच नाही. दुसरं एलिझाबेथ झिमरमन यांचं 'निटिंग विदाउट टिअर्स', १९७१ सालचं. या बाई इंग्लंडात जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनला राहिल्या. त्यांचं म्हणणं असं की, आपल्या हाताचं प्रमाण मोजा, त्याला घेराने गुणा, आणि बाकी सगळं, म्हणजे बाही, मनगट, गळा, त्या आकड्याच्या टक्केवारीत काढा. म्हणजे कृतीची गुलामी संपली. विचार म्हणून हे पुस्तक मला सर्वांत जास्त आवडतं.

तरीही आपल्या वाचनालयाचं पहिलं पुस्तक म्हणून मी यांपैकी एकही सुचवणार नाही. भाषा हे एक कारण, पण तेवढंच नाही. झिमरमनबाईंची भिस्त गोल सुईवर आणि खऱ्या लोकरीवर आहे. आपल्याकडे तालुक्याच्या दुकानात सहज मिळतात त्या दोन सरळ सुया आणि अ‍ॅक्रिलिक. शिवाय ज्याचे टाकेच अजून एकसारखे येत नाहीत, त्याला टक्केवारीचं स्वातंत्र्य देऊन काय उपयोग? ही दुसऱ्या पायरीची पुस्तकं. जिल्ह्याच्या ठिकाणी, मोठ्या ग्रंथालयात ती असावीत. गावच्या वाचनालयात आधी पहिली पायरी हवी, आणि ती मराठीत हवी.

जागेनुसार निवड बदलते, हेही लक्षात घ्या. सातारा जिल्ह्यात भिलार आहे, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. तिथे माणूस घराच्या ओसरीवर बसून पुस्तक चाळतो आणि तिथेच ठेवून जातो. अशा ठिकाणी भरपूर चित्रांचं, बघून मन रमेल असं पुस्तक शोभेल. गावच्या वाचनालयातलं पुस्तक मात्र घरी जातं, मांडीवर उघडं राहतं, आणि दोन्ही हात सुयांत अडकलेले असतात. म्हणून ते सपाट उघडं राहतंय का ते बघा. नुसत्या गोंदाच्या बांधणीचं जाड पुस्तक दाबून धरावं लागतं, आणि चार वेळा दाबलं की पानं सुटतात. दोऱ्याने शिवलेली बांधणी असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी घ्या.

सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि सांगली नगर वाचनालयासारख्या १८६९ पासूनच्या संस्थेच्या ग्रंथसंग्रहाचं मोठं नुकसान झालं. अशा आपत्तीनंतर कपाटं पुन्हा भरायची वेळ येते. लोक मायेने पुस्तकं देतात, गठ्ठे येतात. त्या वेळी कृतीच्या पुस्तकांबद्दल एक पथ्य पाळावं: दान आलं म्हणून कपाटात ठेवू नये. जुनी कादंबरी जुनी झाली तरी वाचता येते. चुकीच्या आकड्यांचं विणकामाचं पुस्तक दान आलं तरी चुकीचंच.

"पण आमच्या ग्रंथपालांना विणता येत नाही, ते कसं ओळखणार?" रास्त प्रश्न आहे. विणता न येणाऱ्यालाही पेन्सिल घेऊन पुस्तक तपासता येतं. जाळीचा कुठलाही सोपा नमुना काढा. समजा लिहिलंय, "६ टाक्यांचा नमुना", आणि ओळ अशी आहे: १ सुलट, धागा पुढे, २ टाक्यांचा एक, ३ सुलट. आता मोजा. सुईवरचे किती टाके वापरले? एक, दोन आणि तीन, म्हणजे सहा. "धागा पुढे" ने सुईवरचा टाका खर्च होत नाही, नवा एक तयार होतो. ओळ संपल्यावर किती उरले? एक, धाग्याचा एक, दोघांचा झालेला एक, आणि तीन. पुन्हा सहा. हिशेब जुळला. शेवटी ३ च्या जागी २ छापलं गेलं असतं तर पाचच टाके वापरले गेले असते, आणि वाचक दुसऱ्या ओळीला रडकुंडीला आली असती. पुस्तकातले असे पाच नमुने मोजा. दोन चुकले तर पुस्तक परत ठेवा. छपाईची एखादी चूक कुठेही होते, पण पाचात दोन चुका म्हणजे ती मुद्रितं विणणाऱ्या माणसाने तपासलेली नाहीत.

त्यापुढची परीक्षा खरी. पुस्तक पक्कं करण्याआधी एक प्रत मिळवा आणि गावातल्या दोघींकडे द्या. एक विणणारी, एक न विणणारी. विणणारीला फक्त चुका काढायला सांगा. न विणणारीला सांगा, यातून बाळाचं टोपडं करून आणा, कुणाला विचारायचं नाही, मुदत आपल्या वाचनालयाची नेहमीची. टोपडं वेडंवाकडं झालं तरी चालेल. पूर्ण झालं की पुस्तक पास. अडलं तर कुठल्या पानावर अडलं ते लिहून ठेवा. ती नोंद कुठल्याही परीक्षणापेक्षा मोलाची आहे.

आणि एकही मराठी पुस्तक पूर्ण पास झालं नाही तर? तर सर्वांत कमी अडणारं घ्या आणि वाचनालयाने त्याला एक पान जोडावं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत चिकटवायचं. त्यावर तीन गोष्टी: सुयांचे नंबर आणि मिलिमीटर, सापडलेल्या चुकांची दुरुस्ती, आणि सुटलेला टाका उचलायचं एक चित्र. कुणाला टोपणनावाने का होईना, आणखी भर घालावीशी वाटली तर खाली जागा ठेवा.

श्रोत्यांतून आलेले दोन प्रश्न घेतो. पहिला: यूट्यूब असताना पुस्तक कशाला? हात कसा हलतो ते व्हिडिओत छान दिसतं, मान्य. टाके घालायला तिथूनच शिका. पण ७२ व्या ओळीवर आपण कुठे आहोत हे व्हिडिओ सांगत नाही. पुस्तकात पेन्सिलने… नाही, वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल नको, चिठ्ठी सरकवून खूण ठेवता येते. हिशेब कागदावर लागतो. दोन्ही हवेत.

दुसरा: डावखुऱ्या मुलीचं काय? तिच्यासाठी बघा की पुस्तक "उजवी सुई, डावी सुई" म्हणतं की "टाके असलेली सुई, रिकामी सुई" म्हणतं. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेलं असेल तर चित्र आरशात धरून तीही शिकते. मुलगी म्हणालात म्हणून सांगतो, हे पुस्तक 'महिलांसाठी' अशा पाटीच्या कपाटात ठेवू नका. हस्तकलेत ठेवा. घोंगडीच्या मागावर पुरुष बसतात, त्यात कुणाला नवल वाटत नाही. सुया घेऊन एखादा मुलगा बसला तर त्याला पुस्तक मागायला लाज वाटू नये, एवढं तर आपण करू शकतो.

इथे थांबतो. पुढच्या खरेदीच्या बैठकीआधी तेवढी टोपड्याची परीक्षा घेऊन बघा. नमस्कार.